'मेड इन जपान'मधला ब्लॅकमोर : स्टेजवर हा माणूस नक्की काय करत होता?

सिंगलकॉइल (धागाकर्ता)

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचा 'मेड इन जपान' हा लाइव्ह अल्बम इथल्या बहुतेकांनी ऐकला असेल. पण तो ज्या तीन कार्यक्रमांतून निवडला, ते तिन्ही सलग ऐकलेले लोक फार कमी भेटतात. १५ आणि १६ ऑगस्ट १९७२ला ओसाकाचा फेस्टिव्हल हॉल आणि १७ला टोकियोचं बुदोकान. १९९३ साली या रात्रींचा तीन सीडींचा संच आला, २०१४मध्ये आणखी भरगच्च आवृत्ती आली. म्हणजे आता तुलना करायला काही अडचण नाही.

धागा काढायचं कारण बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर. त्याच्याबद्दल दोन मतं कायम कानावर येतात. एक म्हणजे तो वेगाचा बादशहा. दुसरं म्हणजे स्टुडिओत नेटका, स्टेजवर भरकटणारा. मला दोन्ही पटत नाहीत. त्याची शैली लाइव्ह रेकॉर्डिंगमध्येच पुरती उलगडते. काय बसवून ठेवायचं आणि काय मोकळं सोडायचं, हे तो ज्या तऱ्हेनं ठरवतो तिथे खरा ब्लॅकमोर आहे.

'हायवे स्टार' घ्या. गाणं जन्मलं १९७१मध्ये, पोर्ट्समथच्या कार्यक्रमाला जाताना बसमध्ये. सोलोमधली ती प्रसिद्ध धाव डी मायनर, जी मायनर, सी, ए अशा कॉर्ड्सवर जाते. ही बाखच्या वळणाची रचना आहे आणि हा सोलो आधी सुरासुरानं बसवून मग रेकॉर्ड केला, हे ब्लॅकमोरनं स्वतः मुलाखतीत सांगितलंय. एरवी तो असं करत नसे. स्टुडिओत त्या धावेवर गिटारचे दोन थर आहेत, स्टेजवर हाताशी एकच गिटार. तरीही ओसाकात तो ती धाव टाळत नाही, कारण लोक तिची वाट बघत असतात. मात्र तिच्या आधीचं आणि नंतरचं सगळं मोकळं ठेवतो. त्यामुळे ती धाव येते तेव्हा ओळखीचं माणूस गर्दीतून अचानक समोर यावं तसं होतं.

आता याच्या उलट टोकाला 'लेझी'. तिथे ठरलेलं जवळपास काहीच नाही. जॉन लॉर्ड ऑर्गनवर बराच वेळ खेळतो, मग ब्लॅकमोर येतो आणि ब्लूजच्या ओळी टाकता टाकता मध्येच ह्यूगो आल्फवेनच्या स्वीडिश ऱ्हॅप्सडीचा तुकडा वाजवून मोकळा होतो! ब्लूजच्या मधोमध स्वीडनचं लोकसंगीत, आणि ते जोडकाम कुठेही खटकत नाही.

तर मंडळी, तुमचं काय मत? आणि अल्बमसाठी योग्य रात्री निवडल्या गेल्या असं वाटतं का?

मीनल_डोंबिवली

छान धागा, पण मी विरोधी पक्षात.

पर्पलचा स्टुडिओ अल्बम 'मशीन हेड' मार्च १९७२चा. त्यातला एकही सोलो गाण्यापेक्षा मोठा होत नाही. स्वित्झर्लंडमधल्या मोंत्रोचा कॅसिनो जळल्यावर एका रिकाम्या हॉटेलात, कॉरिडॉरमध्ये वाद्यं मांडून, बाहेर उभ्या ट्रकमधल्या यंत्रांवर तो अल्बम रेकॉर्ड झाला. अडचणीतल्या कामाला जी शिस्त येते ती त्यात आहे. 'स्मोक ऑन द वॉटर'चा स्टुडिओतला सोलो ऐका. सुरुवात, चढ, उतार, संपला. त्यातला एक सूरही काढता येत नाही.

आता 'स्पेस ट्रकिन'. स्टुडिओत साडेचार मिनिटांचं खणखणीत गाणं. ओसाकात जवळपास वीस मिनिटं! गाणं संपतं पाचव्या मिनिटाच्या आसपास आणि पुढे सगळा पसारा. सिंगलकॉइल, तुम्ही त्याला मोकळं सोडणं म्हणता, मला तो संपादनाचा अभाव वाटतो. रेकॉर्डची एक अख्खी बाजू त्यात गेली.

पाचवी_तार

मीनलताई, 'स्पेस ट्रकिन'वर नंतर येतो. आधी वादन कसं घडतं ते बोलू या, म्हणजे वाद हवेत राहणार नाही. मी पुण्यात गिटार शिकवतो आणि हे सगळं विद्यार्थ्यांकडून वाजवून घेतो.

'स्मोक'चा रिफ, म्हणजे सतत परत येणारी ती सुरावट, जगातला प्रत्येक नवशिका पिकनं (तार छेडायच्या चकतीनं), पॉवर कॉर्ड लावून वाजवतो. ब्लॅकमोर तो पिकनं वाजवतच नाही. चार-चार सुरांच्या अंतरावरच्या दोन तारा, म्हणजे सा आणि खालचा प, बोटांनी एकदम छेडतो. दोन्ही तारा एकाच क्षणी सुटतात, पिकचा खर्रर्र लागत नाही. म्हणून तो रिफ इतका गोल आणि जड ऐकू येतो. विद्यार्थ्याला एकदा बोटांनी वाजवायला लावा, चेहरा बघण्यासारखा होतो.

अल्बमवर 'स्मोक' १५ ऑगस्टचं आहे, त्या रात्रीचं ते एकमेव गाणं. याचं बहुधा कारण असं की सुरुवातीचा रिफ रेकॉर्डवर आहे तसा त्यानं फक्त त्याच रात्री वाजवला. उरलेल्या दोन रात्री तिथे काही ना काही वेगळं झालं. ज्या रिफवर आज त्याचं नाव चालतं, तोसुद्धा हा माणूस रोज तसाच वाजवायला बांधील नव्हता!

वाद्याबद्दल : १९७०पर्यंत त्याच्या हातात बहुतेक वेळा गिब्सन ईएस-३३५ असायची, 'चाइल्ड इन टाइम'चा स्टुडिओतला सोलो तिच्यावरचा. जपानला जाईपर्यंत तो पुरता फेंडर स्ट्रॅटोकास्टरवर आला होता. मधला पिकअप (तारांचा आवाज पकडणारा भाग) तो वापरत नसे, म्हणून खाली दाबून ठेवलेला. समोर दोनशे वॉटचा मार्शल मेजर अँप आणि मध्ये आवाजाला धार आणणारा ट्रेबल बूस्टर. स्ट्रॅटचा व्हॉल्यूमचा नॉब करंगळीच्या टप्प्यात येतो आणि ब्लॅकमोरचं अर्धं काम तिथे आहे. अँप कायम भरपूर उघडा, आवाज किती सोडायचा ते करंगळी ठरवणार. एवढ्या ताकदीच्या अँपमधून कुजबुज काढणं हे वेगानं वाजवण्यापेक्षा अवघड आहे.

हॅमंड_सी३

एक आठवण करून देतो, लॉर्डशिवाय हा सगळा धागा अर्धवट आहे.

जॉन लॉर्डनं हॅमंड ऑर्गन थेट मार्शल अँपमधून वाजवायला सुरुवात केली, त्यामुळे ऑर्गनला गिटारसारखी धार आली. बँडमध्ये दुसरा ऱ्हिदम गिटारवाला नाही. ब्लॅकमोर सोलोत शिरला की मागची अख्खी भिंत लॉर्डनं धरलेली असते. 'स्मोक'च्या शेवटी दोघांची देवाणघेवाण आहे ती हेडफोन लावून ऐका. एका कानात गिटार, दुसऱ्या कानात ऑर्गन, एकानं वाक्य टाकलं की दुसरा त्याला उत्तर देतो. आणि ड्रमवाला इयन पेस या दोघांच्या मधून कसा वाट काढतो ते बघा. १९६९मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ऑर्केस्ट्रासाठी कॉन्चेर्तो लिहिणारा माणूस आहे हा लॉर्ड. मोकळं सोडण्याची हिंमत ब्लॅकमोरला याच्या जिवावर होती.

सिंगलकॉइल

१०० टक्के मान्य. आणि म्हणूनच मी म्हणतो की त्याची शैली एकट्याची नाही, ती ऐकण्याची शैली आहे. 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'मध्ये गायक इयन गिलनशी चाललेली ती खेचाखेची ऐका. गिटार एक तुकडा म्हणते, गिलन तो गळ्यातून काढतो, गिटार आणखी वर जाते, गिलन तिथेही पोहोचतो आणि शेवटी अशी किंकाळी देतो की गिटारला पुढे जागाच उरत नाही. तिथे ब्लॅकमोर थांबतो. हरण्याची तयारी असलेला वादक आहे हा, हे कुणी बोलत नाही.

विलंबित

मी रॉक फार ऐकत नाही, गाणं शिकते (ख्याल). भावामुळे हा अल्बम घरात सतत वाजायचा. 'चाइल्ड इन टाइम'बद्दल लिहावंसं वाटलं.

आपल्याकडे लोक सरसकट म्हणतात की रॉकवाले जॅमिंग करतात म्हणजे आपल्यासारखंच. मला ते मान्य नाही. दोन-तीन कॉर्ड घोळवत वाटेल ते वाजवणं आणि रागाची बढत यांत खूप फरक आहे. पण 'चाइल्ड इन टाइम'च्या लाइव्ह सोलोत मला बढत खरंच दिसली. सुरुवातीला तो थोडेच सूर घेतो, त्यांच्यावर थांबतो, एखादा सूर पूर्ण भरेपर्यंत पुढचा घेत नाही. मग वरच्या सुरांकडे सरकतो. मग लय दुप्पट होते आणि आधी मांडलेलं सामान तो नव्या वेगात वापरतो. खालची सुरावट सगळा वेळ तीच. म्हणून चढ खरा वाटतो.

आणि सूर लावण्याची पद्धत. तो तार ओढून थेट सुरावर जात नाही, कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मध्ये रेंगाळतो. ब्लूजमध्ये ते असतंच, पण त्याच्याकडे सुराच्या आसपासचं आंदोलन फार मोजूनमापून येतं. पाचवी_तार, हे वाद्यामुळे आहे का हातामुळे?

पाचवी_तार

विलंबितताई, प्रश्न एकदम नेमका विचारलात. दोन्हीमुळे.

ब्लॅकमोर स्ट्रॅटचा फ्रेटबोर्ड (मानेवरची, बोटं ठेवायची फळी) पट्ट्यांच्या मधोमध खरवडून खोलगट करून घ्यायचा. त्यामुळे बोटाला लाकूड लागत नाही, फक्त तार लागते. तार बाजूला ओढता येते तशी खालीही दाबता येते आणि सुराला बारीक हलवता येतं. सतारीवर मींड घेताना बोटाखाली लाकूड नसतं, पडद्यांच्या मधली मोकळी जागा असते, हे तुम्हाला माहीत असेलच. जॉन मॅकलॉफ्लिननं 'शक्ती' या बँडसाठी जी गिटार बनवून घेतली तिचाही फ्रेटबोर्ड असाच खोलगट होता, आणि त्याला तर झाकीरभाई आणि एल. शंकर यांच्याबरोबर वाजवायचं होतं. ब्लॅकमोरचा हेतू तसा नव्हता, पण हात त्याच दिशेला गेला. पुढे त्याच्या रेनबो या बँडमध्ये 'गेट्स ऑफ बॅबिलॉन'सारख्या गाण्यांत पूर्वेकडचे सूर उघडपणे आलेच.

याचा तोटाही आहे. असल्या फ्रेटबोर्डवर जरा जास्त दाब पडला की सूर वर चढतो. म्हणजे प्रत्येक सुराला डाव्या हाताची सावध पकड लागते. हजारो वॉटच्या गदारोळात तो हे सांभाळत होता.

रंगभवन_कट्टा

वाचून जीव सुखावला रे पोरांनो. आमच्या पिढीला हा अल्बम कॅसेटवर मिळाला, तोही कुणाकडून तरी भरून घेतलेला. पुढे ऱ्हिदम हाउसला जाऊन विकत घेतला तेव्हा पहिल्यांदा मुखपृष्ठ पाहिलं.

'चाइल्ड इन टाइम'चा विषय निघालाच आहे तर सांगतो. त्याची सुरुवातीची ऑर्गनची सुरावट 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडच्या १९६९च्या रेकॉर्डवरून आली, आणि त्या तुकड्याचं नाव आहे 'बॉम्बे कॉलिंग'! मूळ तुकडा व्हायोलिनवर, बराच जलद. पर्पलनं तो संथ केला आणि त्यातून हे दहा-बारा मिनिटांचं नाट्य उभं राहिलं. त्या बँडनंही पर्पलच्या 'रिंग दॅट नेक'ची चाल पुढच्या वर्षी आपल्या अल्बमवर घेतली. फिट्टंफाट.

१९९५मध्ये पर्पल खुद्द मुंबईत आले. पण तेव्हा ब्लॅकमोर नव्हता. तो १९९३च्या नोव्हेंबरमध्ये हेलसिंकीच्या कार्यक्रमानंतर बँड सोडून गेला होता. मध्ये काही काळ गिटारवादक जो सॅट्रियानीनं सांभाळलं आणि मुंबईला गिटारवर होता स्टीव्ह मोर्स. मोर्सचा हात किती सफाईदार! एक सूर इकडचा तिकडे नाही. तरी 'चाइल्ड इन टाइम' सुरू झालं की मन ब्लॅकमोरची ती बेफिकिरी शोधायचं. मोर्स पुढे काय करणार याचा अंदाज येतो, ब्लॅकमोरचा येत नाही.

म्युनिक७७

काका, बेफिकिरीच हवी तर 'मेड इन जपान' हा मुळात चुकीचा अल्बम आहे, असं माझं ठाम मत.

ब्लॅकमोर पूर्ण फुलला रेनबोमध्ये. १९७७चा 'ऑन स्टेज' घ्या, नाही तर त्याच वर्षीचा ऑक्टोबरमधला म्युनिकचा कार्यक्रम. 'कॅच द रेनबो' स्टुडिओत साडेसहा मिनिटांचं शांत गाणं. स्टेजवर ते पंधरा मिनिटांपलीकडे जातं आणि एकही मिनिट जड होत नाही. मीनलताई, तुमचा लांबीवरचा आक्षेप तिथे टिकणार नाही. डिओचा आवाज, कोझी पॉवेलचे ड्रम आणि वर ब्लॅकमोर करंगळीनं आवाज इतका खाली आणतो की सभागृह श्वास रोखून बसतं. मग एका ठोक्याला सगळं कोसळतं.

१९७२मध्ये तो अजून लॉर्डशी स्पर्धा करत होता, म्हणून सारखा वेगाकडे जातो. रेनबोत त्याला कुणाला हरवायचं नव्हतं.

हॅमंड_सी३

पूर्ण असहमत. रेनबोत बरोबरीचा विरोधक नव्हता, हीच तर अडचण. 'ऑन स्टेज'वर सगळे त्याच्या मागून चालतात. कीबोर्डवरचा टोनी कॅरी उत्तम वादक आहे, पण तो ब्लॅकमोरला अडवत नाही. लॉर्ड अडवायचा. 'लेझी'मध्ये ब्लॅकमोर जे सुचून वाजवतो ते लॉर्डनं आधी टाकलेल्या आव्हानामुळे. एकटा माणूस कितीही सुंदर बोलला तरी तो संवाद होत नाही.

मीनल_डोंबिवली

म्युनिक७७, 'कॅच द रेनबो' ऐकलं. ते सुंदर आहे यात वादच नाही. पण त्यामुळे माझा मुद्दा बळकटच झाला. ते पंधरा मिनिटं चालतं कारण सगळा वेळ ते तेच गाणं राहतं. सोलोतसुद्धा गाण्याचा भाव सुटत नाही. 'स्पेस ट्रकिन'मध्ये गाणं संपल्यावर जे होतं त्याचा गाण्याशी संबंधच काय?

लेड झेपलिन या बँडबाबतही माझं हेच म्हणणं. जून १९७२चे लॉस एंजेलिस आणि लाँग बीचचे कार्यक्रम 'हाऊ द वेस्ट वॉज वन' म्हणून २००३मध्ये आले. त्यांचा गिटारवादक पेज त्यात अफाट आहे, तरी 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड'च्या पंचवीस मिनिटांत माझं लक्ष उडतं. त्या पिढीला लांबीची नशा होती. (पेज आणि गायक प्लांट १९७२मध्येच मुंबईत इथल्या भारतीय वादकांबरोबर 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' रेकॉर्ड करून गेले. ती रेकॉर्डिंग ऐकून बघा, किती आटोपशीर आहेत.)

ओसाकाकर

नमस्कार. नोकरीनिमित्त इथे राहतो म्हणून लिहितोय. तुम्ही सगळे हातांबद्दल बोलताय, सभागृहांबद्दल कुणीच बोललं नाही.

फेस्टिव्हल हॉल नाकानोशिमा भागात आहे. १९५८ला उघडलेलं, मुळात शास्त्रीय संगीतासाठी बांधलेलं सभागृह. जुनी इमारत पाडली आणि २०१३मध्ये नवी उघडली, त्यामुळे पर्पलनं वाजवलं ती वास्तू आता नाही. पण जुन्या हॉलच्या ध्वनीबद्दल इथले म्हातारे संगीतप्रेमी अजून हळहळतात. बुदोकान याच्या अगदी उलट. १९६४च्या ऑलिंपिकमधल्या जुडोसाठी उभारलेली प्रचंड अष्टकोनी इमारत. १९६६मध्ये बीटल्स तिथे वाजवून गेले, पण ती इमारत संगीतासाठी नव्हे.

आता अल्बमची गाणी बघा. 'हायवे स्टार', 'चाइल्ड इन टाइम', 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन' आणि 'स्पेस ट्रकिन' ही चारही ओसाकातल्या दुसऱ्या रात्रीची, 'स्मोक' पहिल्या रात्रीचं. बुदोकानची फक्त 'द म्यूल' आणि 'लेझी'. एक ड्रम सोलोचं, दुसरं ऐसपैस ब्लूज. बारीक आवाजाची, हलक्या हाताची गाणी जवळपास सगळी ओसाकाची. आपला आवाज नीट परत येतोय हे कळल्याशिवाय कुणी दोनशे वॉटच्या अँपमधून कुजबुजायला धजावत नाही.

दुसरं, श्रोते. इथले लोक गाणं चालू असताना शांत बसतात आणि संपलं की मग दाद देतात. 'चाइल्ड इन टाइम'च्या सुरुवातीचा तो ऑर्गन इतका स्वच्छ ऐकू येतो त्याचं श्रेय त्यांनाही आहे.

विलंबित

ओसाकाकर, फारच महत्त्वाचा मुद्दा. मैफलीत समोरची शांतता गायकाला काय देते हे आम्हाला रोज कळतं. 'चाइल्ड इन टाइम'मध्ये तो सुरांच्या मध्ये जी जागा सोडतो ती गोंगाटात सोडलीच नसती.

पाचवी_तार

+१. आणि यावरून रेकॉर्डिंगच्या प्रामाणिकपणाचा मुद्दा येतो. हा अल्बम खरं तर जपानी कंपनीच्या आग्रहामुळे झाला, तिथल्या बाजारापुरता. बँडला त्यात फारसा रस नव्हता. ध्वनिमुद्रक मार्टिन बर्चनं आठ ट्रॅकवर रेकॉर्ड केलं, मिक्सिंगला बँडमधले फक्त बासवादक ग्लोव्हर आणि पेस फिरकले. ब्लॅकमोर आलाच नाही! म्हणजे आपला चुकलेला सूर नंतर दुरुस्त करायलाही तो बसला नाही. स्टुडिओत नंतर काहीही भरलेलं नाही.

सत्तरच्या दशकात हे दुर्मीळ होतं. थिन लिझीचा 'लाइव्ह अँड डेंजरस' अल्बम मला जीव की प्राण, पण त्यातलं बरंचसं स्टुडिओत पुन्हा वाजवलं असं निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी म्हणतो, बँडवाले ते नाकारतात, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. 'मेड इन जपान'बद्दल असा वाद निघायला जागाच नाही. शैलीची चर्चा करायची तर पुरावा असा हवा.

शीव_स्टेशन

एवढे प्रतिसाद झाले आणि कॅलिफोर्निया जॅम या महोत्सवाचं नाव नाही? ६ एप्रिल १९७४! अंधार पडायच्या आत स्टेजवर यायला ब्लॅकमोरनं नकार दिला, मग शेवटी टीव्हीच्या कॅमेऱ्यात गिटार खुपसली आणि अँपचा स्फोट घडवला. माझ्यासाठी ब्लॅकमोर म्हणजे ते दृश्य. तरुणपणी नाटकी सादरीकरणासाठी गाजलेल्या स्क्रीमिंग लॉर्ड सच या गायकाच्या बँडमध्ये राहून जे शिकला ते तिथे दिसतं. तो नुसता वादक नव्हता, त्याला स्टेज कळत होतं.

सिंगलकॉइल

शीव_स्टेशन, ते दृश्य मलाही आवडतं, पण त्या दिवशीचं वादन ऐका. 'मिस्ट्रीटेड'मधले सूर त्या स्फोटापेक्षा जास्त वेळ लक्षात राहतात. हेच गाणं एप्रिल १९७५च्या दौऱ्यात, म्हणजे त्याच्या पर्पलमधल्या शेवटच्या दिवसांत रेकॉर्ड झालं आणि 'मेड इन युरोप'वर आहे. सोडून जायचं मनात ठरलेलं असताना माणूस असं वाजवतो हे मला थक्क करतं. स्फोटाच्या गोष्टींमुळे लोक त्याला मनस्वी, चिडका वगैरे म्हणून बाजूला ठेवतात आणि ऐकायचं राहून जातं, याचं मला वाईट वाटतं.

मीनलताई, तुमच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नव्हतं, ते आता देतो. 'स्पेस ट्रकिन'च्या मागच्या पंधरा मिनिटांचा त्या गाण्याशी संबंध नाही, हे तुमचं निरीक्षण बरोबरच आहे. तो भाग गाण्याहून जुना आहे. पर्पलच्या पहिल्या अल्बमवरचं 'मँड्रेक रूट' ते १९६८पासून वाजवत होते, त्याच्या शेवटी हा लांब मोकळा भाग असायचा. 'मँड्रेक रूट' कार्यक्रमातून गेलं आणि त्याचं शेपूट 'स्पेस ट्रकिन'ला जोडलं गेलं. त्यातच ब्लॅकमोर 'फूल्स' या गाण्यातला तो तुकडाही घेतो, जिथे तार आधी छेडून करंगळीनं आवाज मागून वर आणतो. सूर सुरू कुठे झाला ते कळत नाही, चेलोसारखा उगवतो. माझ्या मते अख्ख्या अल्बममधलं ते सर्वांत सुंदर वादन आहे, आणि तुम्ही ज्याला पसारा म्हणता त्याच्या मधोमध आहे.

मीनल_डोंबिवली

तो चेलोसारखा तुकडा आत्ता मुद्दाम काढून ऐकला. तो अप्रतिम आहे, निःसंशय. पण मग तर माझी तक्रार वाढली! इतकी सुंदर गोष्ट त्यानं अशा ठिकाणी का ठेवावी जिथे बहुतेक श्रोते पोहोचण्याआधी थकतात? तो वेगळा, चार मिनिटांचा, स्वतःच्या पायांवर उभा असता तर आज 'हायवे स्टार'च्या धावेइतका लोकांना पाठ असता.

विलंबित

मीनल, तो वेगळा काढला तर तसा ऐकू येणार नाही असं मला वाटतं. आधीच्या दणक्यानंतर कान थकलेला असतो म्हणून तो इतका लागतो. द्रुत तानांनंतर एकच लांब षड्ज लागावा तसं.

म्युनिक७७

विलंबितताईंशी सहमत. आणि हॅमंड_सी३, तुम्ही म्हणता तसा कॅरी अडवत नाही, पण कोझी पॉवेल अडवतो. 'ऑन स्टेज'वरचं 'मिस्ट्रीटेड' पुन्हा ऐका आणि फक्त ड्रमवर लक्ष ठेवा. ब्लॅकमोर रेंगाळायला लागला की कोझी त्याला ढकलतो. संवाद फक्त सूर असलेल्या वाद्यांतच होतो असं थोडंच आहे.

हॅमंड_सी३

कोझीचा मुद्दा चांगला आहे, ऐकतो. लॉर्डची जागा मात्र कुणाला देणार नाही.

सिंगलकॉइल

मीनलताई, तुम्हाला तो भाग पसारा वाटतो की बांधणी, हे एका रेकॉर्डिंगवरून ठरणार नाही. १२ नोव्हेंबर १९७०चा स्टॉकहोमचा कार्यक्रम 'स्कँडिनेव्हियन नाइट्स' नावानं निघालाय. त्यात 'मँड्रेक रूट' जवळपास अर्ध्या तासाचं आहे आणि 'रिंग दॅट नेक' त्याहून लांब. आधी ते 'मँड्रेक रूट' ऐका, मग लगेच ओसाकाच्या १६ तारखेचं 'स्पेस ट्रकिन' लावा. पावणेदोन वर्षांत ब्लॅकमोर आणि लॉर्डनं त्या मोकळ्या भागातून काय काय काढून टाकलं ते कळेल. संपादन झालेलं आहे, फक्त ते कात्रीनं न होता कार्यक्रमांगणिक होत गेलं. ऐकून झालं की इथेच लिहा, कुठे लक्ष उडालं ते मिनिटासकट सांगा. पाचवी_तार, तुम्ही 'रिंग दॅट नेक'मधल्या वादनाबद्दल लिहाल का? तोपर्यंत बहुतेक गिब्सन हातात होती, स्ट्रॅटवर आल्यावर त्याच्या तारा ओढण्यात नक्की काय बदललं हे मला तुमच्याकडून समजून घ्यायचंय.